सातबारावर नाव कुणाचं?

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपल्या वर्गाला सहा महिने पूर्ण झाले. सुरुवातीला इथे अंगठा उठवणारी मंडळीच जास्त होती. आज प्रत्येकाला सही करता येते. एसटीची पाटी वाचता येते. दुकानदाराने वहीत काय मांडले ते कळते. हे काही लहान काम नाही. दिवसभर रानात राबायचे आणि रात्री डोळ्यांवरची झोप सारून पाटी हातात धरायची, हे सोपे नसते. तुम्ही ते केलेत. त्याबद्दल आधी तुमचे कौतुक.

आता पुढचा प्रश्न. वाचायला तर आले, मग वाचायचे काय? पोथी वाचावी, पेपर वाचावा, गोष्टीचे पुस्तक वाचावे. पण आम्ही म्हणतो, त्याच्या आधी एक कागद वाचा. ज्याच्या घरी जमीन आहे, त्याच्या घरी तो असतोच. पत्र्याच्या पेटीत नाहीतर देवघराच्या फळीवर पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. तो कागद म्हणजे सातबारा.

तुम्ही म्हणाल, सातबारात वाचण्यासारखे काय आहे? मंडळी, पुष्कळ आहे. बाई आणि बुवा यांच्यात आपल्या समाजाने जो फरक केला आहे, तो या एका कागदावर स्वच्छ दिसतो. कसा, ते आज सांगतो.

एका वर्गातली गोष्ट

आमचा असाच एक वर्ग दुसऱ्या एका गावी चालतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण गोष्ट घरोघरची आहे. त्या वर्गात पन्नाशीच्या एक बाई येत. सगळे त्यांना काकू म्हणत. आम्हीही काकूच म्हणू लागलो.

एके दिवशी आम्ही म्हणालो, "उद्या येताना प्रत्येकाने घरचा सातबारा आणा. उद्याचा धडा तोच."

दुसऱ्या दिवशी काकू कंदिलाजवळ बसल्या. त्या दिवशी गावात वीज नव्हती. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. गावाचे नाव वाचले. तालुका वाचला. गट नंबर वाचला. क्षेत्र वाचले. मग भोगवटादाराचे नाव आले. भोगवटादार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. तिथे काकू थांबल्या. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायची त्यांना सवय नाही. "ह्यांचं हाय," एवढंच म्हणाल्या आणि बोट पुढे सरकवलं.

मग पिकांचा रकाना आला. ज्वारी वाचली. तूर वाचली. कागद संपला. काकूंनी तो उलटा करून पाहिला.

"मागं काय न्हाय का?"

"नाही काकू. एवढंच."

"मग माझं नाव कुठं हाय?"

वर्गात हसू पिकलं. एक म्हातारबुवा म्हणाले, "बायकूचं नाव सातबाऱ्यावर नसतंय, चुलीवर असतंय." पुन्हा सगळे हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या,

"ही ज्वारी पेरली तवा चाड्यावर मूठ माझी हुती. ही तूर म्या निंदली. कागदावर ज्वारीचं नाव हाय, तुरीचं नाव हाय. माझं न्हाय."

मग कुणी हसलं नाही.

कामाचा हिशेब

त्या रात्री आम्ही पुढचा धडा बाजूला ठेवला. फळ्यावर दोन रकाने काढले. एकावर लिहिले 'बाई', दुसऱ्यावर लिहिले 'बुवा'. आणि म्हणालो, "सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कोण काय करतं ते सांगा."

बुवांच्या रकान्यात आले: गुरांना वैरण, नांगरट, पाळी घालणे, पाणी देणे, फवारणी, बाजार, सोसायटीचे काम. कष्टाची कामे. त्यांना कमी लेखून चालणार नाही.

बायांच्या रकान्यात आले: सडासारवण, पाणी, चूल, भाकरी, धुणी, भांडी, पोरांचे करणे, म्हाताऱ्यांचे करणे, शेण काढणे, धार काढणे. आणि त्यानंतर रान. खुरपणी, निंदणी, वेचणी, सोंगणी. घरी परत आल्यावर पुन्हा चूल. फळा भरला. काही कामे आम्हाला चौकटीवर लिहावी लागली.

हा काही एका गावचा हिशेब नाही. भारत सरकारने २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. दिवसाचा वेळ कोण कशात घालवतो, ते घरोघर विचारले. त्यात दिसले की १०० बायांपैकी ८१ बाया रोज घरकाम करतात, तर १०० पुरुषांपैकी २६च करतात. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची २९९ मिनिटे घालवते. म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे घालवतो. म्हणजे सुमारे दीड तास. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही, आणि कुणी विचारले तर आपण म्हणतो, "आमची मंडळी काही करत नाही, घरीच असते."

आता जमिनीचा हिशेब पाहा. २०१५-१६ साली देशात शेतीची गणना झाली. ज्यांच्या ताब्यात शेती आहे अशा १०० जणांत बाया किती निघाल्या? फक्त १४. राबताना दोघे, पण कागदावर बहुतेक एकच. म्हणून आम्ही म्हणतो, काकूंचा प्रश्न एकट्या काकूंचा नव्हता.

निसर्गाचा फरक किती, माणसाचा किती

कुणी म्हणेल, "अहो, बाई ती बाई आणि बुवा तो बुवा. देवानेच फरक केला आहे."

खरे आहे. निसर्गाने फरक केला आहे. बाई मूल जन्माला घालते, त्याला अंगावर पाजते. पुरुषाला ते येत नाही. हा निसर्गाचा फरक आहे, तो कुणी पुसू शकत नाही.

पण भाकरी थापायला काय निसर्गाने हात वेगळे दिले आहेत? हॉटेलात भाकऱ्या थापणारे पुरुष आपण पाहतोच. सही करायला, हिशेब ठेवायला बाईची बोटे लहान पडतात का? तुम्ही सहा महिन्यांत दाखवून दिलेत की पडत नाहीत. आणि मूल बाईला होते, म्हणून जमीन पुरुषाच्या नावावर असावी, असे काही निसर्गाने सांगितलेले नाही. हा फरक माणसाने केलेला आहे. माणसाने केलेला फरक माणसाला मोडता येतो.

हे काही आजच कुणाला सुचले असेही नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' नावाचे पुस्तक लिहिले. जे दोष बायांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांनी रोखठोक सवाल केला. त्याला आता १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. सवाल अजून शिळा झालेला नाही.

नाव नसले तर काय बिघडते?

पुष्कळ बाया म्हणतात, "नाव कुणाचं का असंना, घर तर आपलंच हाय." संसार नीट चालला असेल, तर हे बोलणे शोभते. पण वेळ काही सांगून येत नाही.

सोसायटीचे पीककर्ज हवे असेल, तर सातबारा लागतो. ज्याचे नाव, त्याला कर्ज. गारपिटीने पीक गेले, पंचनामा झाला, भरपाई आली, तर ती खातेदाराच्या नावे येते. केंद्र सरकार २०१९ पासून शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये देऊ लागले, तेही जमीन ज्याच्या नावावर त्यालाच. आणि जमीन विकायची झाली, तर सही करतो तो खातेदार. कमावलेली जमीन दारूपायी किंवा कर्जापायी एका सहीने जाते. बाईला ते कळते केव्हा? बांधावर दुसऱ्याचे बैल आल्यावर.

सगळ्यांत वाईट हाल होतात ते नवरा अचानक गेल्यावर. दहा दिवस घर भरलेले असते. अकराव्या दिवसापासून दीर म्हणतो, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका, जमिनीचं मी बघतो." तो खरोखर भला असेल तर ठीक. नसेल तर? बाई वीस वर्षे ज्या रानात राबली, त्याच रानात मजुरीने खुरपायची वेळ तिच्यावर येते. असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कायदा काय म्हणतो?

आता कायद्याचे थोडे ऐका. अवघड वाटले तर पुन्हा वाचा. एक उदाहरण घेऊ.

एका शेतकऱ्याची वाडवडिलांपासून आलेली १२ एकर जमीन आहे. घरात बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. शेतकरी वारला. मृत्युपत्र केलेले नाही. जमिनीची वाटणीही आधी झालेली नाही. तर मुलीला किती जमीन?

१९५६ च्या आधी अशा घरात मुलीला काहीच नव्हते. तिने सासरी जावे आणि दिल्या घरी सुखी राहावे, एवढेच.

हे बदलावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिल मांडले. त्यात बायांना वारसा देण्याची तरतूद होती. त्याला फार विरोध झाला, बिल पुढे सरकेना. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्या राजीनाम्याचे ते एक मोठे कारण होते. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. त्याने मुलीला वाटा दिला, पण तो बापाच्या हिश्श्यातला वाटा. आपल्या उदाहरणात तो भरतो ३० गुंठे. एकरसुद्धा नाही. भावाला मात्र तीन एकरांच्या वर.

१९९४ साली महाराष्ट्राने मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क दिला. पण ज्यांची लग्ने आधी झाली होती, त्या मुली बाहेर राहिल्या. मग २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा सुधारला. मुलगी लग्नाची असो, लग्न झालेली असो, वाडवडिलांच्या जमिनीत तिचा हक्क मुलाइतकाच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेही स्पष्ट केले की, २००५ साली बाप हयात नसला, तरी मुलीचा हक्क जात नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टातून रीतसर वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही.

आता आपल्या १२ एकरांचे काय झाले? बायको, दोन मुलगे, एक मुलगी. चार जण, चार सारखे वाटे. प्रत्येकाला ३ एकर. काहीच नव्हते, तिथून ३० गुंठे. ३० गुंठ्यांवरून ३ एकर. एवढी वाट चालायला पन्नास वर्षे लागली.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी बांधवांचे वारसाचे नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींतील आदिवासींनाही हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांनी जाणकाराला विचारून घ्यावे.

काकूंच्या माहेरचा कागद

कायदा झाला म्हणून सगळे झाले का? नाही. आता काकूंची पुढची गोष्ट ऐका.

काकूंचे वडील वारले. मागे आई, भाऊ आणि काकू असे तीन वारस. सहा एकर जमीन. त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला. काकूंनी ओवाळले. भावाने साडी दिली. जेवणे झाली. मग भावाने पिशवीतून कागद काढला. म्हणाला, "आक्का, एवढी सही कर. काय न्हाय, नुसतं कचेरीत दाखवायला लागतंय."

आधीच्या काकू असत्या, तर अंगठा उठवून मोकळ्या झाल्या असत्या. पण आता त्या म्हणाल्या, "दादा, थांब. वाचू दे."

भाऊ चमकला. काकू वाचत बसल्या. एका मोठ्या शब्दावर अडल्या. म्हणाल्या, "कागद राहू दे माझ्यापाशी. उद्या गुरुजींना इचारते."

दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर आल्या. तो शब्द होता 'हक्कसोडपत्र'. खाली लिहिले होते की, मी राजीखुशीने वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क भावासाठी सोडून देत आहे.

काकूंनी विचारलं, "राजीखुशी म्हंजी?"

आम्ही सांगितलं, "स्वतःच्या मनानं. कुणाचा जोर नसताना."

"मग तसं तर मला कुणी इचारलंच न्हाय."

घरी गेल्यावर काकूंनी नवऱ्याला सगळे सांगितले. नवरा खूश झाला. म्हणाला, "अगं, घे की तुझा वाटा! कायदाच हाय. दोन एकर काय थोडं झालं?"

काकू म्हणाल्या, "बरं. मग वन्संचा वाटा?"

नवरा गप्प झाला. त्याला दोन बहिणी. वीस वर्षांमागे त्यानेही असाच कागद पुढे केला होता. दोघींनी अंगठे दिले होते. दोघींना एकेक साडी मिळाली होती. त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही, असे काकूंनीच आम्हाला सांगितले.

मंडळी, दुखणे नेमके इथे आहे. बायकोचा वाटा यावा असे प्रत्येकाला वाटते. बहिणीचा वाटा द्यावा असे कुणालाच वाटत नाही. पण माझी बायको ही कुणाची तरी बहीणच आहे. आणि माझी बहीण ही कुणाची तरी बायको आहे. एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने दाबून ठेवायचे, हा न्याय नव्हे.

चार नेहमीचे बोल

यावर लोक काय म्हणतात, ते आम्हाला ठाऊक आहे.

पहिला बोल: "लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा वाटा." अहो, हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि दिलेला हुंडा गेला कुणाच्या हातात? सासऱ्याच्या. मुलीच्या नावावर त्यातले काय राहिले? लग्नाचा खर्च तर मुलाच्याही लग्नात होतो. म्हणून काय त्याचा वाटा कापतात?

दुसरा बोल: "जमीनच थोडी, तिचे तुकडे किती करायचे?" जमीन थोडी आहे, हे खरे. हे दुःख खोटे नाही. पण दोन भाऊ असले, तर धाकट्याला कुणी म्हणते का, "जमीन थोडी आहे, तू एक धोतरजोडी घे आणि हक्क सोड"? तो म्हणायचा आपला धीर होत नाही. बहिणीला मात्र म्हणतो. शिवाय वाटा देणे म्हणजे बांध फोडणेच असे नाही. नावे तिघांची लावावीत, जमीन एकाने कसावी, माल वाटून घ्यावा. असेही करता येते.

तिसरा बोल: "बाईला व्यवहार कळत नाही." ज्याला कधी व्यवहार करूच दिला नाही, त्याला तो कळणार कसा? पाण्यात न उतरता कुणाला पोहायला आले आहे?

चौथा बोल बायांचाच आहे, आणि तो सगळ्यांत खरा आहे. "वाटा मागितला, तर माहेर तुटंल." ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. बाईला सासरी काही कमीजास्त झाले, तर परतायला तेवढे एकच दार असते. काकूंनी हक्कसोडपत्रावर सही केली नाही. त्यांचे नाव आई आणि भावाबरोबर लागले. जमीन भाऊच कसतो. पण पुढच्या भाऊबीजेला तो आला नाही. काकू संध्याकाळपर्यंत ताट लावून बसल्या होत्या. हे आम्ही तुमच्यापासून लपवत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी भावाने मुलाला पाठवले. काकूंनी भाच्याला ओवाळले.

हक्क मागितला म्हणून जे नाते तुटते, ते जपायचे ओझे एकट्या बहिणीनेच का वाहायचे? भावाने एक पाऊल पुढे यावे. बहिणीवर मागायची वेळच येऊ देऊ नये. आणि सगळे ठाऊक असून एखाद्या बहिणीने आपल्या मनाने हक्क सोडला, तर तो तिचा विचार. पण वाचून सोडावा. फसून सोडू नये.

आता करायचे काय?

बोलणे पुष्कळ झाले. आता कामाचे सांगतो. या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पहिली. घरचा सातबारा काढा आणि दोघांनी मिळून वाचा. भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचे नाव आहे ते पाहा. 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो, तोही वाचा. पुष्कळदा बहिणींची नावे तिथे एका कोपऱ्यात घातलेली असतात आणि मुख्य जागी एकट्या भावाचे नाव असते. आठ-अ चा उतारा काढला, तर खात्यावरची सगळी जमीन एका ठिकाणी कळते.

दुसरी. घरातला खातेदार वारला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. मृत्यूचा दाखला जोडा. वारसांच्या यादीत आई, बायको, मुलगे आणि मुली, सगळ्यांची नावे लिहा. लग्न झालेली मुलगीही लिहा. तलाठी फेरफार धरतो. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नोटीस घरी आली, तर ती वाचा. न वाचता सही करू नका.

तिसरी. नवरा हयात असताना बायकोचे नाव आपोआप लागत नाही. पण नवऱ्याने मनावर घेतले, तर लागते. नवऱ्याने स्वतः अर्ज केला, तर बायकोचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावावे, अशी 'लक्ष्मीमुक्ती' योजना महाराष्ट्र सरकारने १९९२ साली काढली. त्याआधी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने हीच मोहीम गावोगाव चालवली होती. गावातल्या निदान शंभर घरांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली, की त्या गावाला 'लक्ष्मीमुक्ती गाव' म्हणत. ते शेतकरी काही कुठून वेगळे आले नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच होते. तलाठ्याकडे जा आणि अर्ज कसा करायचा ते विचारा.

चौथी. हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, खरेदीखत असले शब्द दिसले, की सही करू नका. आधी कागद वाचा, जाणकाराला दाखवा. बाईला कोर्टाच्या कामात फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करा.

पाचवी. मुलामुलींना घरात सारखे वागवा. मुलगा जेवून उठला, तर त्याचे ताट त्यालाच उचलू द्या. मुलीची शाळा पाणी भरण्यासाठी बुडवू नका. सातबारावर नाव लागेल तेव्हा लागेल. ताट मात्र आज रात्रीच उचलता येते.

शेवटचे दोन शब्द

काकूंच्या घरी पुढे काय झाले, ते तुम्हाला ऐकायचे असेल. पुढच्या उन्हाळ्यात काकूंचा नवरा तलाठ्याकडे गेला आणि अर्ज दिला. नवा सातबारा आला, तेव्हा काकू तो घेऊन वर्गावर आल्या. बोट ठेवून वाचू लागल्या. गाव, तालुका, गट नंबर. नवऱ्याचे नाव आले. त्या दिवशी त्यांनी ते मोठ्याने वाचले. कारण त्याच्याच खाली त्यांचे स्वतःचे नाव होते.

"गुरुजी, आता ज्वारीच्या पंगतीला म्या बी बसले," काकू म्हणाल्या.

आणि नणंदांचा वाटा? तो अजून बाकी आहे. नवरा 'बघू' म्हणतो. काकू म्हणतात, "म्या रोज आठवण करते." आम्हाला वाटते, आज ना उद्या तेही होईल. आपण आपल्या घरात तेवढी वाट पाहू नये.

आज घरी गेल्यावर पेटी उघडा. दिवा जवळ घ्या. नवरा-बायको दोघे बसा आणि सातबारा वाचा. नाव कुणाचे आहे ते पाहा. कुणाचे राहिले आहे, तेही पाहा. उद्या वर्गावर येऊन आम्हाला सांगा.

एवढे बोलून आम्ही पुरे करतो. राम राम.